निदेशकाने पुढे काय शिकावं: एम.टेक., एम.एड. की आणखी काही?

एका शिल्प निदेशिकेने विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी आयटीआयत त्या वीजतंत्री (इलेक्ट्रिशियन) हा ट्रेड शिकवतात. वय छत्तीस, सेवा अकरा वर्षं. आधी डिप्लोमा, मग थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन बी.ई., आणि नोकरी लागल्यावर सीआयटीएस, म्हणजे निदेशकांचं एक वर्षाचं प्रशिक्षण. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "पुढे शिकायचं आहे. कोणी म्हणतं एम.टेक. कर, कोणी म्हणतं एम.एड., एक सर म्हणाले सरळ एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत पीएच.डी. कर. नोकरी आणि घर सोडता येणार नाही. नक्की काय करू? आणि आता वेळ निघून गेली आहे का?"

ताई, वेळ अजिबात निघून गेलेली नाही. शिक्षणशास्त्राच्या वर्गात मी पहिल्यांदा बसलो तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो. त्याआधी सतरा वर्षं जोडारी (फिटर) विभागात निदेशक. पुढे पीएच.डी. केली आणि गेली चौदा वर्षं निदेशकांना आणि तंत्रनिकेतनातल्या अधिव्याख्यात्यांना शिकवतो आहे. तुम्ही आज जिथे अडलात तिथेच मीही अडलो होतो, आणि तेव्हा सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला सुचवलेल्या तीन पदव्या तीन वेगळ्या गोष्टींचा अभ्यास करतात. एम.टेक.मध्ये यंत्राचा आणि यंत्रणेचा अभ्यास होतो. एम.एड.मध्ये शाळा, मूल, अभ्यासक्रम, मूल्यमापन यांचा. एज्युकेशनल टेक्नॉलॉजी म्हणजे शैक्षणिक तंत्रज्ञान. व्हिडिओ, सिम्युलेशन, ऑनलाइन वर्ग अशा साधनांनी कोणताही विषय नीट कसा शिकवता येईल, हा तिचा प्रांत. तुम्ही रोज करता ते काम या तिन्हींपेक्षा निराळं आहे. त्याला तंत्रज्ञान शिक्षण म्हणतात: तंत्र हाच शिकवायचा विषय, आणि ते शिकणाऱ्याच्या हातात आणि डोक्यात कसं उतरतं हा अभ्यासाचा प्रश्न. "शैक्षणिक तंत्रज्ञान" आणि "तंत्रज्ञान शिक्षण" हे शब्द उलटसुलट वापरले जातात आणि त्या घोळात कितीतरी चांगले शिक्षक भलत्याच ठिकाणी प्रवेश घेऊन बसतात. माझ्या माहितीतल्या एका निदेशकांनी दोन वर्षं ई-कंटेंट बनवायला शिकण्यात घातली. त्यांना खरं तर वेल्डिंगमध्ये मुलांचा हात का थरथरतो हे शोधायचं होतं.

कुठल्या दाराने आत जायचं हे तुमचा प्रश्न काय आहे त्यावर ठरेल. म्हणून आधी प्रश्न कसा असतो ते दाखवतो. उदाहरण तुमच्याच ट्रेडमधलं.

जिन्याचं वायरिंग, म्हणजे एकच दिवा दोन ठिकाणांहून लावता-विझवता येईल अशी जोडणी, पहिल्या वर्षात सगळेच करतात. प्लायच्या बोर्डवर दोन टू-वे स्विच आणि एक होल्डर. फेज पहिल्या स्विचच्या कॉमनला, दुसऱ्या स्विचच्या कॉमनमधून दिव्याला, न्यूट्रल थेट दिव्याला, आणि दोन स्विचना जोडणाऱ्या मधल्या दोन वायरी. आकृती समोर असली की पोरं तासाभरात जोडतात. दिवा लागतो, जॉबला, म्हणजे करून दाखवलेल्या कामाला, गुण मिळतात, पुढचा जॉब सुरू होतो. एकदा एका संस्थेत पाहणीला गेलो असताना तिथल्या निदेशकांच्या परवानगीने मी अशा एका तयार बोर्डचा सप्लाय बंद करून मधली एक वायर स्विचच्या मागे, बाहेरून दिसणार नाही अशी, तोडून ठेवली. मग दोन प्रशिक्षणार्थींना एकेकटं बोलावलं.

पहिल्याने स्विच दाबून पाहिले. दिवा कधी लागे, कधी लागत नसे. "होल्डर लूज आहे सर," म्हणाला. सप्लाय काढून होल्डर आवळला, दिवा बदलला, मग एकेक स्क्रू आवळत गेला. त्याचा हात सफाईदार होता, हे मुद्दाम सांगतो. पंचवीसेक मिनिटांनी तो सगळ्या वायरी काढून पहिल्यापासून जोडायला निघाला.

दुसऱ्याने स्क्रू ड्रायव्हर उचललाच नाही. दोन्ही स्विच वर केले: दिवा लागला. डावा वर, उजवा खाली: बंद. डावा खाली, उजवा वर: बंद. दोन्ही खाली: बंद. त्याने हे वहीच्या मागच्या पानावर चार ओळींत लिहिलं, शेवटच्या ओळीवर पेन्सिल टेकवली आणि म्हणाला, "इथे लागायला पाहिजे होता. खालच्या टर्मिनलची मधली वायर गेलीय." बोर्ड उघडण्याआधीच.

दोघंही एकाच तुकडीतले, एकाच निदेशकांच्या हाताखालचे, जॉबचे गुण जवळपास सारखे. मी दुसऱ्याला विचारलं, हे कुठे शिकलास? म्हणाला, गावात मोटारींचे स्टार्टर दुरुस्त करणारा त्याचा काका आहे, त्याच्याबरोबर सुट्टीत हिंडतो, आणि काका पाना हातात घेण्याआधी "काय चालतंय, काय नाही" हे बोलायला लावतो.

ताई, या एका प्रसंगात अभ्यासाचे किती प्रश्न आहेत बघा. दोघांमधला फरक आपल्या परीक्षेत का दिसला नाही? हा मूल्यमापनाचा प्रश्न, शिक्षणशास्त्रात सुटेल. शंभर वेगवेगळे दोष मुलांना सुरक्षितपणे शोधू देणारं सिम्युलेशन बनवता येईल का? हा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा. चार ओळींचा तो तक्ता म्हणजे त्या मुलाच्या डोक्यातलं सर्किट होतं; ते तिथे कसं तयार झालं आणि आपल्याला कार्यशाळेत तयार करता येईल का? हा अस्सल तंत्रज्ञान शिक्षणाचा प्रश्न. आणि वायर तिथेच का तुटते, इन्सुलेशनचं काय होतं, हे विचारावंसं वाटलं तर तुमची ओढ एम.टेक.कडे आहे, आणि त्यातही काही कमीपणा नाही.

हे आपल्या सीआयटीएसमध्ये का येत नाही, असं तुमच्या मनात येईल. निदेशकांच्या प्रशिक्षणाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे, पहिली संस्था १९४८ सालची. तिथे शिकवण्याच्या चार पायऱ्या आपण घोटून घेतो: पूर्वतयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. लेसन प्लॅन त्याच साच्यात, डेमो त्याच साच्यात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं आणि त्या पायऱ्या कुठून आल्या हे मला ठाऊक नव्हतं. पुढे अभ्यास करताना कळलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकेला घाईने जहाजं बांधायची होती, गोद्यांमध्ये नवखे कामगार भराभर तयार करायचे होते. चार्ल्स ॲलन यांनी त्या गरजेतून ही चार पायऱ्यांची पद्धत बसवली आणि १९१९ साली ती पुस्तकातून मांडली. रिव्हेट कसा मारायचा, जोड कसा द्यायचा, अशी एकेक क्रिया थोड्या वेळात हातात बसवायला ती उत्तमच आहे. आजही मी ती वापरतो. पण दोष शोधणं ही एक क्रिया नव्हे. तिथे पुढची पायरी काय हे आधीच्या पायरीच्या उत्तरावर ठरतं. काकांची पद्धत ॲलनच्या चौकटीत बसत नाही, म्हणून ती आपल्या लेसन प्लॅनमध्येही येत नाही. हे समजलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की उच्च शिक्षणाचा कार्यशाळेला खरोखर उपयोग आहे. आपण जे करतो ते कुठून आलं आणि कुठे तोकडं पडतं, हे त्याने दिसतं.

आता एकेका दाराबद्दल.

एम.टेक. तुम्ही तेव्हा करा, जेव्हा तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात जायचं असेल, किंवा विषयाचीच भूक असेल. एक गोष्ट आधी लक्षात घ्या. तंत्रनिकेतनं आणि अभियांत्रिकी महाविद्यालयं अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या, छत्राखाली आहेत, आयटीआय केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाच्या. महाविद्यालयीन शिक्षकांना नोकरीत राहून मोठ्या संस्थांमध्ये पुढे शिकता यावं म्हणून १९७० पासून गुणवत्ता सुधार कार्यक्रम आहे, ज्याला सगळे क्यूआयपी म्हणतात. त्यांच्या अध्यापन प्रशिक्षणासाठी आठ मॉड्यूलचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. भोपाळची एनआयटीटीटीआर ही महाराष्ट्र आणि गोव्याकडे पाहणारी शिक्षक प्रशिक्षण संस्था आहे. हे सगळं मुख्यतः त्या बाजूच्या लोकांसाठी. निदेशक या रचनेत फारसा धरलेलाच नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण देशातला विजेचा, वेल्डिंगचा, यंत्राचा बराचसा कुशल हात तुमच्यासारख्यांच्या हाताखालून जातो. पण आजची वस्तुस्थिती अशी आहे आणि प्रवेशाचा अर्ज भरताना ती ठाऊक असावी.

एम.एड.चं दार तुमच्यासाठी सध्या बंद आहे, हे तुम्हाला सुचवणाऱ्यांनी बहुधा पाहिलेलं नाही. एम.एड.ला बी.एड. किंवा त्यासारखी शिक्षक शिक्षणाची मान्य पदवी लागते, आणि सीआयटीएस त्यात धरलं जात नाही. म्हणजे आधी दोन वर्षांचं बी.एड., मग दोन वर्षांचं एम.एड., अशी चार वर्षं जातील. शाळेत तंत्रशिक्षणाचे शिक्षक व्हायचं असेल तर हा खर्च करावा. एरवी नको.

तुमच्यासाठी उघडं असलेलं आणि बहुतेकांच्या लक्षात न येणारं दार म्हणजे एम.ए. शिक्षणशास्त्र. त्याला बी.एड. लागत नाही, कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणजे तुमची बी.ई. चालते. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून ते करता येतं. शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मानसशास्त्र, समाजशास्त्र, संशोधनाच्या पद्धती आणि शेवटी एक शोधनिबंध. मी हेच केलं होतं. पहिले सहा महिने फार जड गेले, हे प्रामाणिकपणे सांगतो. सगळी उदाहरणं प्राथमिक शाळेतल्या भाषेची आणि गणिताची. "मूल" हा शब्द आला की माझ्या डोळ्यांपुढे कानस हातात धरलेला अठरा वर्षांचा मुलगा यायचा आणि पुस्तक मात्र सात वर्षांच्या मुलीबद्दल बोलत असायचं. प्रत्येक प्रकरणानंतर वहीत एक पान "माझ्या कार्यशाळेत याचा अर्थ काय" असं लिहायची सवय लावली तेव्हा ते पचायला लागलं. तुम्ही पहिल्या दिवसापासून हे करा. आणि शोधनिबंध स्वतःच्या कार्यशाळेवरच घ्या. "शिक्षकांचा ऑनलाइन शिक्षणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन" यासारखा, प्रश्नावली वाटून महिन्याभरात उरकणारा विषय कोणी गळ्यात घालायला आलं तर नम्रपणे नाही म्हणा.

शैक्षणिक तंत्रज्ञानासाठी मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचा जुना विभाग जुहूला आहे, इग्नूची पदव्युत्तर पदविका आहे, आणि संशोधनासाठी आयआयटी मुंबईत २०१० पासून पीएच.डी. सुरू आहे. आयआयटीच्या कामाकडे मी तुमचं लक्ष मुद्दाम वेधतो, कारण तिथलं काम फक्त साधनांपुरतं नाही. अभियंता अंदाज कसा बांधतो, डिझाइन कसं करतो, अशा विचार करण्याच्या कौशल्यांवर तिथे संशोधन झालं आहे. दोष शोधण्याचा तुमचा प्रश्न तिथे परका वाटणार नाही.

माझ्या मते आपल्या विषयाच्या सगळ्यात जवळचं घर मुंबईतच, मानखुर्दला आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग, १९७४ पासून चालू. नाव विज्ञानाचं असलं तरी चित्रा नटराजन आणि सुग्रा चुनावाला यांच्या पुढाकाराने तिथे डिझाइन आणि तंत्रज्ञान शिक्षणावर आपल्या देशात क्वचितच झालेलं काम झालं. शहरातल्या इंग्रजी आणि मराठी माध्यमाच्या आणि ग्रामीण भागातल्या मराठी माध्यमाच्या उच्च प्राथमिक वयाच्या मुलांकडून त्यांनी वस्तू बनवून घेतल्या: पुस्तकं नेण्याची पिशवी, ठरावीक वजन उचलणारी पवनचक्की, कळसूत्री बाहुल्यांसारखा खेळ. गटाने चर्चा करायची, बनवण्याआधी चित्र काढायचं, मोजमापं आणि सामान लिहायचं, मग बनवायचं, आणि एकमेकांच्या कामाचं मूल्यमापन करायचं. संशोधकांनी बारकाईने पाहिलं ते त्या आधीच्या चित्रांकडे. मूल कागदावर सांधा कसा दाखवतं, आतला न दिसणारा भाग कसा दाखवतं, आणि चित्रात विसरलेली गोष्ट बनवताना कशी अंगावर येते.

मी ते काम वाचलं तेव्हा माझ्या हातून झालेली एक चूक मला लख्ख दिसली. आम्ही इंजिनिअरिंग ड्रॉइंग वेगळ्या तासाला, वेगळ्या खोलीत शिकवत होतो. कार्यशाळेत मुलाच्या हातात तयार ड्रॉइंग द्यायचं आणि त्याने तसा जॉब करायचा. मुलाने स्वतः विचार करायला पेन्सिल वापरावी, अशी वेळच त्याच्यावर आम्ही येऊ दिली नाही. जिन्याच्या वायरिंगमधल्या त्या दुसऱ्या मुलाचा चार ओळींचा तक्ता हे त्याच जातीचं चित्र आहे. होमी भाभा केंद्राची पीएच.डी. पूर्ण वेळ असते, जागा थोड्या असतात आणि विज्ञान, अभियांत्रिकी, सामाजिक शास्त्रं अशा वेगवेगळ्या शाखांतले लोक तिथे येतात. मानखुर्दला राहायला जाणं तुम्हाला जमणार नाही, हे तुम्ही सांगितलंच आहे. पण तिथले शोधनिबंध वाचायला घर सोडावं लागत नाही.

दुसरं घर पुणे जिल्ह्यातलं, शिरूर तालुक्यात, पाबळचं विज्ञान आश्रम. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी ते १९८३ साली सुरू केलं. अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानात पीएच.डी. करून, मोठ्या कंपनीतल्या संशोधनाची नोकरी सोडून ते या दुष्काळी गावात आले. हाताने काम करता करता शिकणं ही शिकण्याची मूळ रीत आहे, हा त्यांचा आग्रह. त्यातून आठवी ते दहावीसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम उभा राहिला आणि राज्याच्या मंडळाने तो मान्य केला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य असे चार विभाग, आठवड्यातला एक दिवस, आणि मुलांनी गावाला खरी सेवा द्यायची. तिथे पदवी मिळणार नाही. पण उन्हाळ्यात तीन-चार दिवस काढून एकदा जाच. बारा वर्षांची मुलगी माती तपासून शेतकऱ्याला अहवाल देते तेव्हा "जॉब" या शब्दाचा अर्थ बदलतो. आपल्याकडचा जॉब गुण मिळाले की भंगारात जातो. तिथला कोणाच्या तरी घराला किंवा शेताला लागतो, आणि चुकला तर तो माणूस परत येतो.

मला हेवा वाटतो तो फिनलंडचा. तिथे १८६६ सालापासून हस्तव्यवसाय हा शाळेतला विषय आहे, आणि तो शिकवणाऱ्या शिक्षकालाही इतर विषयांच्या शिक्षकाइतकीच, म्हणजे पदव्युत्तर पातळीची तयारी करावी लागते. लाकूड, धातू, कापड शिकवायचं कसं, यातच एम.ए.ची पदवी. आपल्याकडे असं काही उभं राहीपर्यंत तुमच्यासारख्यांनी आपली पदवी जुळवून घ्यायची आहे.

जुळवून घ्यायची म्हणजे कशी, ते माझ्याच कामातून सांगतो. सतरा वर्षं मी मुलांना एकच वाक्य सांगत आलो होतो: "कानस सपाट धर, दोन्ही हातांनी सारखा दाब दे." तरीही शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरलेली पट्टी दरवर्षी पोटाला फुगीर व्हायची. गुण्या लावून उजेडाकडे धरली की दोन्ही कडांना फट दिसायची. मी समजत होतो की मुलांचं लक्ष नाही. पीएच.डी.च्या वेळी मी मुलांचं आणि स्वतःचंही कानस मारणं बाजूने चित्रित केलं आणि हळू करून पुन्हा पुन्हा पाहिलं. माझे दोन्ही हात सारखा दाब देतच नव्हते. फटक्याच्या सुरुवातीला पुढच्या, म्हणजे डाव्या हातावर भार, मध्यावर दोन्हींवर, शेवटी मुठीच्या हातावर. आणि तो भार हातातून येतही नव्हता. पुढचा गुडघा वाकत होता, अंग पुढे झुकत होतं आणि हात नुसते मागोमाग जात होते. मी जे करत होतो ते मी कधी सांगितलंच नव्हतं, आणि जे सांगत होतो ते मी स्वतः करत नव्हतो. मुलं माझं ऐकून दोन्ही हातांनी सारखा दाब देत होती, म्हणून कानस टोकांना झुलत होती आणि पट्टी फुगीर होत होती. चूक माझ्या वाक्यात होती. ज्या मुलांना त्या वाक्यापायी बोलणी खावी लागली, ती आठवली की आजही मला त्रास होतो.

या शोधाला मोठी प्रयोगशाळा लागली नाही. कार्यशाळा, फोन आणि स्टँड एवढ्यावर भागलं. लागली ती पद्धत: काय पाहायचं ते आधी ठरवणं, एका मुलावरून निष्कर्ष न काढणं, जे दिसलं ते आणि मला जे वाटलं ते वेगळं लिहिणं. ही पद्धत मला एम.ए.ने दिली. बी.ई.ने नाही आणि सीआयटीएसनेही नाही. बी.एड.च्या मंडळींकडे "आशययुक्त अध्यापन" असा एक शब्द आहे: विषय आणि तो शिकवणं एकमेकांपासून तोडता येत नाही. कानशीच्या बाबतीत तो मला पूर्ण समजला.

आता पीएच.डी.चे नियम, कारण त्यावर भलतंसलतं बरंच ऐकू येतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार अर्धवेळ पीएच.डी. करता येते. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, आणि स्त्रियांना त्यावर सवलत आहे; शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. सुरुवातीला बारा ते सोळा क्रेडिटचं कोर्सवर्क करावं लागतं. पात्रतेला ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी लागते, राखीव प्रवर्गांना पाच टक्के सूट. आणि एक वाट फार थोड्यांना माहीत आहे: चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के किंवा जास्त असतील तर पदव्युत्तर पदवीशिवायही प्रवेशासाठी पात्र ठरता येतं. तुमची बी.ई.ची गुणपत्रिका एकदा काढून पाहा. तरीसुद्धा माझा सल्ला आहे की आधी एम.ए. करा, कारण पद्धत शिकल्याशिवाय पीएच.डी.त उतरलात तर पहिली दोन वर्षं चाचपडण्यात जातील.

मार्गदर्शक निवडताना एक अडचण येईल. शिक्षणशास्त्र विभागातल्या बहुतेक प्राध्यापकांनी कार्यशाळा आतून पाहिलेली नसते आणि अभियांत्रिकीतल्या प्राध्यापकांना शिकण्याच्या प्रक्रियेवरचं संशोधन परकं वाटतं. सहमार्गदर्शक घेण्याची सोय नियमांत आहे. तिचा उपयोग करा: मुख्य मार्गदर्शक शिक्षणशास्त्रातले, सह अभियांत्रिकीतले. पहिल्या भेटीला सारांश घेऊन जाऊ नका, तो बोर्ड घेऊन जा. तुटलेल्या वायरीचा. ज्या मार्गदर्शकांना तो हातात घेऊन स्विच दाबून पाहावासा वाटेल, त्यांच्याकडे नोंदणी करा.

अर्धवेळ नोंदणीला कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. माझा अर्ज एका कार्यालयात दहा महिने पडून होता. शेवटी एका वरिष्ठ लिपिकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कोर्सवर्कचे दिवस किती, त्या काळात तुकडी कोण पाहणार, हे अर्जात नाही, म्हणून साहेब सही करायला कचरतात. नियमांप्रमाणे त्या प्रमाणपत्रात अभ्यासाला वेळ देण्याची परवानगी आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कार्यमुक्त करण्याची तयारी हे स्पष्ट लिहिलेलं असावं लागतं. मी नवा अर्ज केला, दिवस लिहिले, गटनिदेशकांची संमती जोडली आणि तीन आठवड्यांत कागद हातात आला. तुम्ही पहिलाच अर्ज असा करा. अध्ययन रजेची तरतूद महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये आहे. परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं, ते सही करण्याआधी घरच्यांबरोबर बसून वाचा. आणि पदोन्नतीच्या आशेने शिकणार असाल तर आधी तुमच्या पदाचे सेवाप्रवेश नियम मिळवा. एम.ए. शिक्षणशास्त्राने पगारात फरक पडेलच असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला पडला नव्हता.

प्रवेशाच्या जाहिराती निघेपर्यंत तुम्हाला काही महिने मिळतील. त्या काळात एकच करा. तुमच्या चालू तुकडीत जिन्याचं वायरिंग झालं की बोर्ड मोडू देऊ नका. सप्लाय बंद ठेवून प्रत्येकात एक दोष घाला, एकेका प्रशिक्षणार्थीला बोलावा आणि काही न सांगता बाजूला बसा. पहिला हात कशाला लागला, काय बोलला, कधी थांबला, कागद घेतला का, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. चित्रण करणार असाल तर मुलांना आधी विचारा. आयटीआयत चौदाव्या वर्षीही प्रवेश मिळतो, म्हणून अठराच्या आतल्यांच्या पालकांची लेखी संमती घ्या. वही भरली की मला कळवा. शोधनिबंधाचा विषय आपण त्या वहीतूनच काढू.